आर्वोने कळवलेली हरणं

आर्वो नीमेला आणि त्याची बायको हिल्मा माझे समोरचे शेजारी. मध्ये फक्त रस्ता. मी शाळेची बस चालवायचो आणि आर्वो लाकडाचा ट्रक, त्यामुळे हिवाळ्यात पहाटे आमची दोघांची इंजिनं एकदमच खोकायला लागायची. तेवढ्यावर ओळख झाली आणि मग ती टिकली.

आर्वो तसा अबोल माणूस. हवापाण्याबद्दल विचारलं तर आकाशाकडे बोट दाखवील. पण हरणाचा विषय निघाला की तोच माणूस तासभर बोलायचा. अमुक वर्षी वारा कुठून होता, नर कुठल्या झाडाआडून आला, त्याचं एक शिंग कसं वाकडं होतं. त्याचा भाऊ एइनो जिवंत होता तोवर दोघं ओढ्याकाठच्या त्यांच्या लाकडी कँपवर पंधरा पंधरा दिवस राहायचे, दाढ्या वाढवून परत यायचे.

मग आर्वो विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते. एकदा माझ्या दारात येऊन म्हणाला, "वेस, एइनो आलाय का तुझ्याकडे?" एइनोला जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती. मी काय बोलणार? म्हटलं, "नाही आला अजून." तो मान हलवून परत गेला. 'अजून' हा शब्द आपण का वापरला ते मला कळेना.

डॉक्टरांनी हिल्माला सांगितलं, बंदूक त्याच्या हाती देऊ नका. तिने दिली नाही. पण नोव्हेंबर आला आणि आर्वो खिडकीपाशी बसून राहायला लागला. जेवेना. तेव्हा हिल्माने एक गोष्ट केली. तिने आयुष्यात बंदूक धरली नव्हती, रक्त बघितलं की तोंड फिरवायची. ती बाई सत्तरी उलटल्यावर शिकारीच्या वर्गात जाऊन बसली, कोवळ्या पोरापोरींच्या बाकावर. परीक्षा पास झाली आणि परवाना काढला. आर्वोचाही काढला. म्हणाली, "त्याच्या खिशात कार्ड असू दे. नाही तर विचारत बसेल."

मी म्हटलं, "हिल्मा, तुला जमणार आहे का हे?"

"मला काय जमवायचंय? तो सांगेल, मी करीन."

आणि खरंच तसंच झालं. जंगलातल्या त्या लाकडी खोक्यात, जिथे शिकारी लपून बसतात, तिथे ती दोघं शेजारी शेजारी बसायची. मांडीवर एकच घोंगडी. बंदूक तिच्या हातात. घरी ज्याला स्वतःची चप्पल सापडायची नाही तो तिथे कुजबुजायचा, "थांब. हलू नकोस. मादी पुढे जाऊ दे. तो मागून येतोय." आणि तो मागून यायचा.

पहिल्या वर्षी तिने गोळी झाडलीच नाही. दुसऱ्या वर्षी झाडली. चांगला मोठा नर पडला. आर्वोने स्वतः सुरी चालवली. एकही काप चुकला नाही म्हणे. हिल्माने परवान्याबरोबर मिळालेला आपला टॅग, म्हणजे नंबराची चिठ्ठी, नराच्या शिंगाला बांधला. मी आणि तिचा भाऊ जाऊन ते धूड ओढून आणलं आणि त्यांच्या शेडमध्ये टांगलं. त्या संध्याकाळी सौना, म्हणजे त्यांची वाफेची न्हाणी, तापवला, वेलदोड्याचा पाव झाला, कॉफी झाली. आर्वो दोनदा हसला.

आता नियमाचं सांगतो. पूर्वी टॅग बांधला की संपलं. अलीकडे आमच्या राज्यात नवं निघालंय. हरीण मारलं की तीन दिवसांच्या आत सरकारला कळवायचं, कॉम्प्युटरवर किंवा फोनवर. नाही कळवलं तर दंड. फोनवर एक यंत्राची बाई बोलते. परवान्याचा नंबर दाबा, नर की मादी ते दाबा, मग तालुका, मग जागा बोलून सांगा. आमच्याकडचे म्हातारे या बाईला शिव्या घालतात, पण फोन करतात.

हिल्मा दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आर्वो, तो फोन करायला हवा."

"केला," आर्वो म्हणाला.

तिने त्याला स्वयंपाकघरात फोनवर बोलताना ऐकलं होतं. आकडे दाबतानाही ऐकलं होतं. शिकारीच्या बाबतीत तो कधी चुकत नसे, म्हणून तिने विश्वास ठेवला. तो रोजच फोनवर असायचा, पण तिला वाटलं मुलीशी बोलतोय.

आठवड्याने त्यांच्या अंगणात शिकार खात्याच्या वॉर्डनची हिरवी गाडी उभी दिसली. मी हिल्माचं पातेलं परत द्यायच्या निमित्ताने गेलो. आत स्वयंपाकघरात ट्रेवार्था नावाची तरुण वॉर्डन टोपी मांडीवर घेऊन बसली होती. आर्वो तिच्यासमोर अगदी खुलून बोलत होता, आणि हिल्मा ओट्याला टेकून उभी होती, चेहरा पिठासारखा.

"म्हणजे ते चौथं हरीण," ट्रेवार्था विचारत होती, "ते तुम्ही दलदलीपाशी मारलंत?"

"दलदलीपाशी. बर्फ गुडघाभर होता."

"यंदा बर्फ पडलेलाच नाही, मिस्टर नीमेला."

"मग कुठल्या तरी वर्षी पडला असेल," आर्वो म्हणाला. "पोरी, कॉफी घे ना. गार होतेय."

"तुमच्याबरोबर कोण होतं?"

"एइनो."

"त्यांचा पत्ता मिळेल?"

"आत्ताच गेला. कुत्रा घेऊन गेलाय."

ट्रेवार्थाने वहीत लिहिलं. हिल्माने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ऑफिसर, एइनो स्मशानात आहे. लूथरन चर्चच्या मागे." तिने लिहिलेलं खोडलं, आणि मग खोडलेल्याकडेच बघत राहिली.

झालं होतं असं. आर्वो शेडमध्ये जायचा, टांगलेला नर बघायचा आणि त्याला वाटायचं, अरे, हा तर आजचाच, अजून कळवायचाय. मग आत येऊन फोन करायचा. खिशात कार्ड होतंच, तोच नंबर दाबायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा शेड, पुन्हा फोन. जागा विचारली की त्याला जी आठवेल ती सांगायचा. सरकारच्या यंत्रात आर्वो नीमेलाने एका आठवड्यात सात नर मारले होते, सात ठिकाणी. परवानगी एकाची. आणि हिल्मा नीमेलाने एकही नाही, तर शेडमध्ये तिच्या टॅगचा एक लटकत होता.

"मला सात हरणं कमी पडतायत," ट्रेवार्था म्हणाली, "आणि एक जास्त होतंय."

"जास्त कुठलं?" हिल्माने विचारलं.

"तुमचं. ते कुणी कळवलंच नाही."

"आर्वोने कळवलं."

"त्यांनी स्वतःच्या नावावर कळवलं."

"मग त्याच्या सातातलं एक माझं धर."

"तसं धरलं तर ते खोटं कळवणं होतं. त्याचाही गुन्हा आहे."

हिल्मा खुर्चीत बसली. "म्हणजे न सांगितलं तर दंड आणि सांगितलं तरी दंड?"

ट्रेवार्था वाईट बाई नव्हती. पण तिने फ्रीजर उघडून बघितला, त्यात गेल्या वर्षी मी दिलेलं मांस निघालं, ते कुणाचं म्हणून पुन्हा अर्धा तास गेला. शेवटी बंदूक जप्त केली. हिल्माला न कळवल्याबद्दल कागद दिला आणि आर्वोला मर्यादेबाहेरच्या शिकारीबद्दल. तो दंड हरणामागे मोजतात, शिवाय परवाना बरीच वर्षं जातो, तुरुंगही होऊ शकतो. आर्वोने कागद घडी करून खिशात ठेवला आणि तिला दारापर्यंत पोचवायला गेला. "पुन्हा ये," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हिल्माने ठरवलं की ती हरणं परत घ्यायची, म्हणजे कळवलेलं रद्द करायचं. मी समोर बसलो होतो. तिने नंबर फिरवला. यंत्राच्या बाईने हरीण कळवायचं असेल तर एक दाबा म्हणून सांगितलं. रद्द करायचं असेल तर काय दाबा ते ती सांगेना. हिल्माने शून्य दाबून बघितलं, तारा दाबला. बाई पहिल्यापासून सुरू झाली. शेवटी हिल्मा रिसीव्हर ओट्यावर ठेवून चष्मा शोधायला आत गेली. तेवढ्यात आर्वोने रिसीव्हर उचलला, कार्ड काढलं आणि मी उठून पोचेपर्यंत आठवा नर कळवून टाकला.

"अरे, का?" मी विचारलं.

"विचारते बिचारी," आर्वो म्हणाला. "इतक्या नम्रपणे हल्ली कोण विचारतं?"

खरं तर त्या घरात त्याला गेली दोन वर्षं कुणी हरणाबद्दल विचारलं नव्हतं, मीही नाही. हिल्मा बाहेर आली तेव्हा मी आठव्याचं सांगितलं. ती हसायला लागली, आणि मग ते हसणं आहे की दुसरं काही, मला ओळखता येईना.

ट्रेवार्था मधल्या काळात आर्वोने सांगितलेली एकेक जागा फिरून आली. हरीण मारलं की आतडी तिथेच काढतात, त्याचा ढीग राहतो. दलदलीपाशी काही नव्हतं, ओढ्याकाठी काही नव्हतं. पण जुन्या रेल्वेच्या बांधाजवळ, हिल्माच्या खोक्यापासून बरंच दूर, आर्वोने सांगितलं होतं नेमकं तिथे, एक ताजा ढीग सापडला.

"मोसम चालू आहे," हिल्मा तिला म्हणाली. "जंगल माणसांनी भरलंय. कुणाचाही असेल."

ट्रेवार्था गेल्यावर मात्र ती माझ्याकडे वळली. "वेस, त्या आठवड्यात मी एका दुपारी दंतवैद्याकडे गेले होते. हा झोपला होता. बंदूक कपाटात होती. आले तेव्हा त्याचे बूट ओले होते."

"मग?"

"मग काही नाही. त्याचे बूट नेहमीच ओले असतात. शेडमध्ये जातो ना. आणि तो दिवस तोच होता का, तेही मला नक्की आठवत नाही."

"मारलं असतं तर मांस कुठे गेलं?"

"तेच तर," ती म्हणाली. आम्ही दोघं बांधापर्यंत चालत जाऊन आलो. कोल्ह्यांनी सगळं नेलं होतं, थोडेसे केस होते. ते बघून आम्हाला काय कळणार होतं?

तारखेला मीच त्यांना माझ्या गाडीतून तालुक्याला नेलं. आर्वोने लग्नातला कोट घातला होता. कोर्टाची खोली लहान, हीटर कडकडत होता. न्यायाधीश साठीतले, सर्दी झालेले.

"मिस्टर नीमेला, या मोसमात तुम्ही किती हरणं मारलीत?"

"या मोसमात?" आर्वोने हिल्माकडे बघितलं. "मोसम सुरू झाला का?"

"तुम्ही आठ कळवलीत."

"हो. कळवली असतील."

"ती खोटी होती का?"

आर्वोचा चेहरा लाल झाला. त्याला इतका रागावलेला मी कधी पाहिला नव्हता. "मी हरणाबद्दल खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या कशाबद्दल बोललो असेन."

हिल्मा उभी राहिली. "साहेब, मी सांगू का? ती सगळी हरणं खरी आहेत. दलदलीतलं आमची मुलगी झाली त्या वर्षीचं. ओढ्याकाठचं त्याने आणि एइनोने मिळून मारलेलं, त्याची शिंगं आमच्या सौनाच्या दारावर आहेत, आम्ही टॉवेल टांगतो. त्याने एकही बनवून सांगितलेलं नाही. फक्त ती या वर्षीची नाहीत."

न्यायाधीशांनी नाक पुसलं. "आणि रेल्वेच्या बांधावरचं?"

"तेही असेल कुठल्या तरी वर्षीचं," हिल्मा म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्यांनी ट्रेवार्थाला विचारलं. ती म्हणाली, खातं मिस्टर नीमेलांवरचा आरोप मागे घेतंय. डॉक्टरांचा कागद तिच्याकडे होता. तो तिने स्वतःच मिळवला होता असं दिसलं. न्यायाधीशांनी बंदूक हिल्माला परत दिली, आणि आर्वोच्या नावाने पुन्हा परवाना काढायचा नाही असं बजावलं. मग ते हिल्माकडे वळले.

"पण मॅडम, तुमचं हरीण तुम्ही मारलंत आणि तुम्ही कळवलं नाहीत."

"नाही."

"का?"

हिल्माने आर्वोकडे बघितलं. आर्वोवर विश्वास ठेवला म्हणावं, तर तो समोर बसलेला. "राहून गेलं," ती म्हणाली.

तिला दंड झाला. फार नव्हता. खिडकीशी जाऊन तिने तो भरला. खरं सांगायचं तर मला अजून समजत नाही की त्या दिवशी न्याय झाला की नाही. ज्याने आठ वेळा कळवलं तो सुटला, जिने एकदा कळवलं नाही तिला शिक्षा झाली, आणि दोघांनाही ते बरोबर वाटलं असावं, कारण कुणी कुरकुर केली नाही.

येताना आम्ही मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी घेतल्या आणि गाडीतच खाल्ल्या. आर्वोने विचारलं, "आपण कशाला आलो होतो?"

"मला दंड झाला," हिल्मा म्हणाली. "हरीण कळवायचं राहिलं माझ्याकडून."

"तुझ्याकडून? तू विसरलीस?"

"विसरले."

तो खायचा थांबला. घरी आल्यावर हिल्मा कुलूप उघडायला पुढे गेली तेव्हा त्याने माझी बाही धरली आणि ती ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाला, "वेस, हिचं काही तरी बिनसलंय. गोष्टी विसरायला लागली आहे. मला एकट्याला जमेल असं वाटत नाही. तू जरा लक्ष ठेवशील?"

मी म्हटलं, ठेवीन.

तेव्हापासून तो तिच्या मागे मागे असतो. गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, औषध घेतलंस का, दिवसातून दहादा विचारतो. ती दहाही वेळा उत्तर देते. परवा म्हणाली, त्या नादात त्याला स्वतःच्या औषधाच्या गोळीची आठवण राहायला लागलीय, म्हणजे काही दिवस राहते, काही दिवस नाही.