जॉइंटातलं तूप
परवा बायकोच्या तेराव्याला भातावर तूप वाढलं आणि त्या वासानं मला भर पंगतीत हसू फुटलं. लग्नानंतरच्या वर्षी ती पहिल्या बाळंतपणाला आपटा गावी माहेरी निघाली होती, मी मिलिटरीच्या लिलावात घेतलेल्या जुन्या ट्रकातून. पुढच्या चाकांच्या शाफ्टचे जॉइंट कटकटत होते आणि पनवेलात ग्रीस मिळेना, म्हणून मी तिच्या डिंकाच्या लाडवांसाठी घेतलेलं तूप गुपचूप त्यात भरलं. कर्नाळ्याच्या खिंडीत ते तापून गळायला लागलं आणि कुत्री मागं लागली. "अवो, ही कुत्री कुनाच्या वरातीला निघाली?" ती म्हणाली. आपट्याला पोचलो तेव्हा कुत्री चाकं चाटत होती आणि सासूबाई विचारत होत्या, "पोरी, लाडवांचं तूप कुठं हाय?" तिनं चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आये, माज्या हातनं सांडलं." सासूबाईंनी तिलाच झापलं आणि मी वाकून नट बघत हसू दाबलं. तेच परवा पंगतीत फुटलं, पण तुपाचा घास मी पानातच ठेवला.