कॉलनीचं वर्कशॉप आणि आमचे सेफ्टीवाले

आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा मला वाटलं होतं की आता हा माणूस घरात बसून गॅसच्या नळीमागे लागणार. झालंही तसंच. रोज सकाळी रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचे. त्यामुळे आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीतल्या लोकांनी समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांचं मिळून एक वर्कशॉप काढायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

कोणी ड्रिल मशीन दिलं, कोणी ग्राइंडर. लाकूड कापायचं गोल पात्याचं मोठं मशीन एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानातून आलं. ते बसवायच्या आधी ह्यांनी शेडचं अर्थिंग तपासून घेतलं, भुसा बाहेर ओढणारा पंखा लावला, वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या. दाराजवळ एक मोठं लाल बटण बसवलं. ते दाबलं की सगळ्या मशीनची वीज एकदम बंद. एखादं मशीन दुरुस्तीला उघडलं की मेन स्विचला पुठ्ठ्याची पाटी अडकवायचे, 'माणूस कामावर आहे'. ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. अंगणवाडीच्या मुलांसाठी लाकडी खेळणी करावीत असं मनात होतं, म्हणून मीही सभासद झाले. पण बायको म्हणून सवलत काही मिळाली नाही. "बाई, पदर खोचा. बांगड्या काढून डब्यात ठेवा. हा वाचायचा चष्मा इथे कामाचा नाही, हा घाला." घरी अगं-तुगं करणारा माणूस शेडमध्ये मला 'बाई' म्हणायचा. मला गंमत वाटायची.

ह्यांचं खरं वाजायचं ते सटाण्याकडच्या एका गृहस्थांशी. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांच्या गळ्यात बारा महिने मफलर.

"मफलर काढा, भाऊ."

"थंडी वाजी ऱ्हायनी ना!"

"मग स्वेटर घाला. मफलर मशीनच्या पट्ट्यात गेला तर मानेसकट जाल."

ते मफलर काढायचे, घडी घालायचे आणि रुसल्यासारखं करत खुंटीला लावायचे. थोड्या वेळाने दोघं एकाच थर्मासमधला चहा पीत बसलेले असायचे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी ह्यांची बीपीची गोळी बदलली. त्यानंतर सकाळी पलंगावरून उठताना ह्यांचा हात भिंतीला जायला लागला. मी विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, पायाला मुंग्या आल्या होत्या."

एकदा सकाळी शेडमध्ये ते सगळ्यांना फळी पात्याकडे कशी सरकवायची ते दाखवत होते. मी दाराजवळ उभी होते. त्यांचा डावा हात फळीवरून सुटला आणि टेबलाची कड चाचपायला लागला. घरी भिंत चाचपायचा, अगदी तस्साच. मी काही विचार केला नाही. लाल बटण दाबलं. पातं घरघरत थांबलं, पंखाही थांबला.

"कोणी दाबलं?"

"मी."

"का?"

"तुम्हाला चक्कर येतेय."

"मला काहीही झालेलं नाही. चालू करा."

कोणी जागचं हललं नाही. मग ते सटाण्याचे भाऊ पुढे आले, ह्यांच्या आणि मशीनच्या मध्ये उभे राहिले आणि एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा ना भाऊ जरा." हे बसले नाहीत. कामाचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सरळ घरी निघून गेले.

मी मागोमाग घरी पोचले तर हे बाल्कनीत पाठ करून उभे. एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात तिकडे तोंड.

"सगळ्यांसमोर केलंस."

"सगळ्यांसमोर बोटं गेली असती तर?"

ह्यांनी कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल उगाच सरळ केला. मग हळूच म्हणाले, "गोळी बदलल्यापासून येतेय चक्कर. सकाळीच फक्त."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू मला शेडमध्ये जाऊ दिलं असतंस?"

"मुळीच नाही."

तेव्हा मात्र त्यांना हसू आलं. मलाही आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं.

डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि अंग स्थिर होईपर्यंत मशीनपाशी उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. हे शेडमध्ये गेले, सगळ्यांना बोलावलं आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. "मशीन मी रोज तपासत होतो," म्हणाले, "स्वतःला तपासलं नाही. आता मशीन सुरू करण्याआधी शेजारच्याला विचारायचं, बरं वाटतंय ना? आणि ज्याला विचारलं त्याने खरं सांगायचं."

सुरुवातीला लोक लाजत होते. सटाण्याच्या भाऊंना विचारलं की ते छाती काढून म्हणायचे, "मी चांगला शे!" मग एके दिवशी तेच म्हणाले की मुलगी बाळंतपणाला आलीय, काळजीने झोप लागत नाही. त्या दिवशी त्यांनी नुसतं रंगकाम केलं. बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई फक्त रविवारी यायच्या. त्यांनी मनगटाला बधिरपणा येतो म्हणून सांगितलं, तर हे त्यांच्यासाठी जाड मुठीची पटाशी शोधायला दोन-तीन दुकानं पालथी घालून आले. मला हेवा वाटला, माझ्यासाठी साडी घ्यायलाही एवढे हिंडले नव्हते. आता तब्येत सावरल्यावर हे पुन्हा पात्यावर काम करतात, पण कोणीतरी शेजारी असल्याशिवाय मशीनच्या बटणाला हात लावत नाहीत.

परवा मला संकष्टीचा उपास होता. मी ड्रिलकडे वळले, तर भाऊंनी अडवलं.

"बाई, काही खाल्लं का?"

"चतुर्थी आहे आज."

"मग ड्रिल नाही."

मी मोठ्या आशेने ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वर न करताच मला एक केळं आणि पॉलिश पेपर दिला. "आधी ते केळं खा. बसून कर जे करायचं ते." शेडमध्ये असूनही मला अगं-तुगं केलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मी केळं खाल्लं आणि दोघांनाही नावं ठेवत लाकूड घासत बसले.