ताईच्या पुड्या

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच निघाले होते, कायमची राहायला. एसटी कनेरगाव नाक्यावर थांबली होती. पायाशी कपड्यांची बॅग, मांडीवर तिच्यासाठी घेतलेले पेरू. तिथून हिंगोलीपर्यंत मी ते पेरू नुसते घट्ट धरून बसले...

माझी ही थोरली बहीण वनस्पतिशास्त्रज्ञ. अर्धं आयुष्य तिनं युगांडाच्या जंगलांत लिव्हरवर्टच्या जाती ओळखण्यात घालवलं. शेवाळासारखी दिसणारी ही इवलीशी वनस्पती तिकडे झाडांच्या जिवंत पानांवरही वाढते. "पानावर ऱ्हाती, पर पानाचं काही खात न्हाई," ताई कौतुकानं सांगायची. आम्हाला औंढ्याच्या, माहेरच्या माणसांना त्याचा काय पत्ता! एकदा सुट्टीत येताना तिनं वाळलेले नमुने कागदाच्या पुड्यांत बांधून आणले. आईला वाटलं, लेकीनं गुडघ्याचं औषध आणलं. तिनं एक पुडी उकळून चक्क काढा घेतला! ताईनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आता गुडघा कसा हाय?" "बराबर हाय की," आई म्हणाली. त्यावर आम्ही कितीतरी वर्षं हसलो.

पुढे आई गेली, माझे यजमानही गेले. ताई नोकरी संपवून परतली आणि हिंगोलीत राहू लागली, पण ती तिथे एकटी आणि मी वाशीमला एकटी. "काहून दोन घरी दोन चुली?" शेवटच्या भेटीत तीच म्हणाली. त्या दिवशी तिनं एक पुडी उघडली. "सुकी सगळी सारखीच दिसत्यात. वळखायची तर आदी भिजवावी लागत्यात." पाण्याचा थेंब पडला आणि भिंगाखाली लिव्हरवर्टचं चुरगळलेलं पान हळूहळू उलगडलं. पानाखाली पावसाचं पाणी साठवणारी पिशवी होती. तिच्या आकारावरून जात कळते म्हणे.

"जित्ती झाली का गं?" मी विचारलं.

"न्हाई, नुसता आकार येतो. तू ये राह्यला. रोज एक दाखविते."

आता मी ताईच्या त्याच घरात राहते. फार एकटं वाटतं. दुपारी खिडकीशी बसून एक पुडी उघडते, थेंब टाकते, तिचं भिंग धरते. पान उलगडतं आणि तोंडातून निघूनच जातं, "ताई, ही कोणती गं?"

...थोड्या वेळानं ते पुन्हा सुकतं. मग तिनं घातलेल्या घड्यांवरच घड्या घालून मी पुडी बंद करते.