तीन किलोचं वजन

चाळिशीत पोट सुटलेल्या माणसाने गच्चीच्या कठड्यावरून वाकून केबल ओढू नये, हे मत माझं नव्हे, माझ्या पँटच्या शिलाईचं होतं. म्हणून रावपुऱ्यातल्या त्या केबल-इंटरनेटच्या हापिसात सर्व्हर सांभाळायची खुर्ची मिळाली तेव्हा मी ती दोन्ही हातांनी धरली. आणि धरल्या धरल्या शेठला गळ घातली: जुनं मशीन दमलंय, चार प्रोसेसरवालं घ्या, संध्याकाळी नेट रडणार नाही.

शेठने घेतलं. संध्याकाळी नेट रडलंच.

"चार मगज लीधां, ने काम एक ज करे छे?" शेठने स्क्रीनकडे बोट दाखवलं. मेंदू चार घेतले आणि काम एकटाच करतोय, हे खरंच होतं. शून्य नंबरचा प्रोसेसर घामाघूम आणि बाकीचे तिघे लग्नातल्या जावयासारखे निवांत. शेठ शांतपणे म्हणाले, "शनिवारपर्यंत बघ. नाहीतर मशीन दुकानात परत, आणि तू गच्चीवर."

कारण मला समजलं होतं, एवढी तरी अक्कल होती. मशीनला तीन नेटवर्क कार्डं होती. कार्डावर डेटा आला की ते प्रोसेसरला हाक मारतं, "अरे, घे रे!" याला इंटरप्ट म्हणतात. आणि तिन्ही कार्डं हाका मारत होती एकट्या शून्यालाच. लिनक्समध्ये कुठल्या कार्डाने कोणाला हाक मारायची, ते एका फाइलीत आकडा लिहून ठरवता येतं. मी ऐटीत लिहिलं: पहिल्या कार्डाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तीन कार्डं, तीन प्रोसेसर. एक कार्ड तेवढं हललं. बाकी दोन्ही शून्यालाच हाका मारत राहिली.

शनिवारी दुपारी कारेलीबागेत घरी जेवायला आलो, तो तोंड पाडूनच. बायको शाळेत गणित शिकवते. कॉम्प्युटरला तिने कधी हात लावला नव्हता.

"अहो, काय लिहिलंत ते तरी सांगा."

"तीन कार्डांना एक, दोन, तीन," म्हणत मी खिशातला लिनक्सच्या सूचनांचा छापील कागद काढला. आठवडाभर त्याच्यावर चहाचा कप ठेवत होतो. वाचून दाखवला: शून्य नंबरच्या प्रोसेसरसाठी लिहायचं माप एक, एक नंबरचं दोन, दोनचं चार, तीनचं आठ.

"मग तीन कुठाय यात?"

"तीन नंबरचा प्रोसेसर, म्हणून तीन."

"अहो हुशार! भाजीच्या लारीवाल्याकडे तीन किलोचं वजन असतं का? तीन किलो बटाटे मागितले की तो एकचं नि दोनचं, दोन्ही वजनं पारड्यात टाकतो. तुम्ही तीन लिहिलंत म्हणजे एक अधिक दोन: शून्य नंबर किंवा एक नंबर, कोणीही चालेल म्हणालात. आणि एक लिहिलंत ते तर थेट शून्यालाच."

"पण मग कोणीही चालेल म्हटल्यावर एक नंबर का नाही उठला?"

तिने माझ्या वाटीत आमटी वाढली. "आपल्या घरात 'कोणीतरी दार उघडा' म्हटलं की कोण उठतं हो?"

मी आमटी पुढे ओढली आणि मान खाली घालून जेवलो.

चारला हापिसात जाऊन लिहिलं: दोन, चार, आठ. सहा वाजता पोरं शाळा-क्लासमधून घरी आली, गर्दी सुरू झाली. शेठ खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. स्क्रीनवर आता तिन्ही कार्डांच्या हाका वेगवेगळ्या रांगेत मोजल्या जात होत्या आणि शून्याची धाप खाली बसली होती. सातपर्यंत तक्रारीचा एक फोन नाही. साडेसातला शेठ उठले, माझ्या खांद्यावर थाप मारली. "बेस, बेस. खुरशी तारी." खुर्ची माझीच राहिली. मग विचारलं, "केवी रीते खबर पडी?" म्हणजे, कळलं कसं?

खरं सांगायला हवं होतं. मी चष्मा पुसत म्हणालो, "अनुभव, शेठ."

घरी येऊन खुर्ची वाचल्याचं सांगितलं, आणि पोटात राहीना म्हणून अनुभवाचंही सांगितलं. ती कणीक मळत होती. हात झटकून तिने परात माझ्याकडे सरकवली.

"मग आजच्या पोळ्या अनुभवालाच लाटू द्या."