हळद, साबण आणि युनिक्स

माझ्या आतेभावाइतका हट्टी माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्या दोघांना एका खोलीत बसवू नये. खोलीतलं सामान रस्त्यावर येईल. नंदनवनात आमच्या घरी आला की चहाआधी त्याची नजर फळीवर. "काहून वं मामी, हळद अन् साबण शेजारी शेजारी?" आई लाटणं उगारायची आणि हा हसत साबण मोरीत नेऊन ठेवायचा. एका लग्नात चटणी पानात उजवीकडे पडली, तर वाढणाऱ्याला त्यानं पुढे सरकू दिलं नाही. अख्खी पंगत खोळंबली.

अशा माणसाला आम्हा दोघांच्या कचेरीत आलेला आणि त्याच्याच ताब्यात दिलेला युनिक्सवर चालणारा संगणक म्हणजे देऊळच. त्यात प्रत्येक गोष्टीचं घर ठरलेलं: प्रोग्राम ‘बिन’मध्ये, त्यांना लागणारं साहित्य ‘लिब’मध्ये, सूचना ‘ईटीसी’मध्ये. मग मुंबईच्या कंपनीचा इंजिनिअर प्रोग्रामांचं एक नवं पॅकेज घेऊन आला आणि ते सगळं एकाच डिरेक्टरीत, म्हणजे एकाच कप्प्यात, ओतून गेला. भावानं एका दुपारी फायली उचलून आपापल्या घरी पोचवल्या. पॅकेज बंद पडलं. त्याच्या पोटात जुनेच पत्ते होते! भावानं खपून पत्ते बदलले, ते पुन्हा चालू केलं. पण इंजिनिअरनं हात झटकले: मांडणी बदलली, आमची जबाबदारी संपली.

साहेब कडाडले, "चालत होतं ना? मग हात कशाला लावला?"

"उद्या माह्या खुर्चीत कोणी नवं बसन, साहेब. काय कुठं आहे हे त्याले कसं कळन? मुंबईले विचारत बसन का?"

"संध्याकाळपर्यंत होतं तसं करा, नाहीतर कळमेश्वरच्या गोदामात जा."

"गोदामात जातो."

कचेरी त्याला वेडा म्हणाली. म्हणू दे! आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी साहेबाशी भांडणारा वेडा असेल, तर गप्प बसलेल्या शहाण्यांचा या देशात काय तोटा आहे?

महिन्याभरानं मी कळमेश्वरला गेलो. पोत्यांच्या थप्पीवर बसून तो भाकरी खात होता. त्याच्या बदलीविरुद्ध लिहिलेलं माझं जळजळीत पत्रक मी वाचायला काढलं. त्यानं ते ऐकलंच नाही.

"माह्या जागी कोण आलं गा?"

"उमरेडची एक मुलगी."

"तिले सापडते का सगळं?"

"साहेबांनी पुन्हा सगळं एका जागी ओतून घेतलं. रडकुंडीला येते बिचारी."

त्यानं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. म्हणाला, "रविवारी घेऊन ये तिले. मशीन नाही तं नाही. काय कुठं आहे ते इथं फरशीवर खडूनं काढून दाखवतो."