टोपलीची मनाई

टोपली बंद करून आठ बाजार झाले, तरी गोदाबाईचा उजवा हात बधिरच होता. उलट बधिरपणा वाढला होता. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मी अकोल्याच्या दवाखान्यात नवा एल.एम.पी. डॉक्टर होतो. स्वतःच्या निदानावर माझा फार जीव.

गोदाबाई बाळापूरकडची माळीण. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन दोन कोस चालत आठवडी बाजाराला जायची. म्हणजे मानेवर भार, मानेतून हातात उतरणारी नस दबली, असं मी ठरवून टाकलं. डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असं फर्मान काढलं. मान नीट तपासलीसुद्धा नव्हती. टोपली दिसली आणि माझी अक्कल तिथंच बसली.

त्या दिवशी ती समोर बसून सारखा हात झटकत होती. झटकला की बरं वाटते, झोपेतूनही त्यासाठी उठावं लागते, म्हणाली. मी चमकलो. मान वळवून, मागे झुकवून पाहिली. हातात काही उतरलं नाही. मग तिला डोळे मिटायला सांगून कापसाच्या बोळ्यानं एकेक बोट पाहिलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, करंगळी ठणठणीत. मनगटाच्या आतल्या बाजूला टिचकी मारली, तशा मुंग्या बोटांच्या टोकापर्यंत गेल्या.

मनगटात नसेला जायला एक चिंचोळी वाट असते. तिथं सूज आली की नस चेपते. मानेत दबली तर बहुधा मान आखडते, कळ खांद्यावरून खाली येते. करंगळी शाबूत आणि हात झटकल्यावर आराम, तर संशय आधी मनगटावर घ्यायचा.

सध्या काम काय करता, मी विचारलं.

"निंदून राहिली ना दिवसभर. बाजार बंद केला तुमी, मंग घरी काय करू?"

दिवसभर मुठीत खुरपं आणि मनगट वाकलेलं! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, अशी माझी डॉक्टरकी. खुरपं बंद करा, झोपताना मनगटाला ही लाकडी पट्टी बांधा आणि टोपली खुशाल न्या, असं मी सांगितलं.

तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. तिची वेणू पलीकडच्या गावात दिलेली. नातू होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही त्यांची रीत. म्हणून भेट बाजारातच. वेणूची सासू मिरच्यांचा भाव करेपर्यंत मायलेकी बोलून घ्यायच्या. टोपली बंद झाल्यावर बाजारातल्या तिच्या जागेवर गोदाबाईचा दीर बसू लागला. बिनटोपलीची बाई बाजारात कायले जाते, असं घरचे म्हणत.

"मले हाताचं काई नाई, डाक्टरसायेब. पोरगी दिसली पाह्यजे."

हे तिनं आधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

महिन्यानं ती आली. मूठ मिटून, उघडून दाखवली. हात बरा होता. वेणू भेटली का, मी मोठ्या उत्साहात विचारलं.

"जावयाले अमरावतीले कापसाच्या जिनात काम लागलं. घेऊन गेला तिले. शेजारची कांदेवाली सांगे, मी येत नोती तवा चार बाजार आपल्या जागेवर येऊन उभी राहे पोरगी. मायले काय झालं, इचारे."

मला तिच्याकडे बघवेना. औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली, पण लिहायला काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून कुणाला काही बंद करायला सांगण्याआधी मी एक प्रश्न विचारतो, तिथं तुम्हाला कोण भेटतं?