हेलिपॅडशेजारचं खळं

मी आयुष्यात हेलिकॉप्टरमध्ये एकदाही बसलेलो नाही. पण बालाघाट जिल्ह्यात उतरलेल्या बऱ्याच हेलिकॉप्टरांखालची जमीन माझी आहे. मालकीची नव्हे, केलेली. बांधकाम खात्यात उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, होतो तेव्हा हेलिपॅड तयार करण्याचं काम माझ्याकडे असे. शेत सपाट करायचं, रोलर फिरवायचा, धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारायचं, चुन्याचं वर्तुळ काढून आत मोठा 'एच' काढायचा. कडेला ओल्या तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, धूर करायचा, म्हणजे वारा कुठून आहे ते पायलटला वरून दिसतं. त्या 'एच'ची एक तंगडी वाकडी झाली तर तीन अधिकारी धावून येत. रस्ता वाकडा झाला तर कोणी येत नसे.

हेलिकॉप्टरवर माझा राग नाही. पुरात झाडावर अडकलेल्या माणसाला ते उचलून आणतं, बैहरकडच्या जंगलात मतदानाची माणसं आणि पेट्या पोहोचवतं, अत्यवस्थ रुग्णाला नागपूरला नेतं. माझ्या वाट्याला आली ती मात्र बहुतेक हार घालून घ्यायला निघालेल्या पुढाऱ्यांची.

त्या वर्षी, धानाची कापणी उरकली तेव्हा, किरनापूरच्या पुढच्या एका गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन ठरलं. टाकी दोन वर्षं गळत होती, उद्घाटन तेवढं राहिलं होतं. पाहुणे बालाघाटहून मोटारीनं आले असते तर तासाभरात पोहोचले असते. पण मोटारीकडे कोणी मान वर करून बघत नाही. शाळेच्या मैदानात मांडव घातलेला, म्हणून हेलिपॅडसाठी गावाबाहेरचं एक मोकळं शेत दाखवण्यात आलं. त्याच्या बांधाला लागून, वर्तुळापासून चाळीसेक पावलांवर, एका मावशींचं खळं होतं.

मावशी साठीच्या पुढच्या. थोड्याशा बांधीत, धानाच्या एका तुकड्यात, त्या दरवर्षी चिन्नोर लावत. ते वासाच्या तांदळाचं धान विकायचं नसे. दोन्ही लेकींच्या घरी जायचं, सणावाराला लागायचं, वर्षभर पुरवायचं. बाकीचं धान त्यांनी मशीनला घातलं होतं, पण चिन्नोरचा दाणा मशीननं तुटतो असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे ते बैलांच्या पायांनी मळलेलं, वाऱ्यावर उपणायचं बाकी, ताडपत्रीखाली पडून होतं. कारण चार दिवस पान हलत नव्हतं. आमच्या तणसाचा धूरही काठीसारखा सरळ वर जात होता.

मी चुन्याचं वर्तुळ आखून घेत होतो, तेव्हा त्या बांधावर येऊन बसल्या.

"काहून जी साहेब, ते एवढं मोठं धूड वर जाते तरी कसं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. अधिकारी फक्त कधी येतं ते विचारत. मी खूश झालो आणि चुन्याचा डबा खाली ठेवला.

"मावशी, सुपानं वारा घालता ना? सूप जोरात खाली दाबलं की हवा खाली जाते, आणि तुमच्या हाताला खालून रेटा बसतो. याच्या डोक्यावर लांब पाती असतात. ती गरगर फिरून हवा सारखी खाली ढकलतात, त्या रेट्यानं यंत्र वर उचललं जातं."

"मंग पुढं कसं जाते?"

"पात्यांचं चक्र जरा पुढं झुकवायचं. हवा थोडी मागं ढकलली जाते, यंत्र पुढं सरकतं."

"अन् शेपटीले तो लहान पंखा कायले?"

"वरचं चक्र एकीकडं फिरलं की खालचं धूड उलट फिरू बघतं. शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो."

"मंजे आतल्याईले चक्कर येऊ नये म्हून."

"हौ, तसंच."

"वारा कुठवर येते त्याचा?"

"तुमच्या खळ्यापर्यंत सहज येईल. डोक्यावरची टोपी उडेल असा."

"लयच हाय मंग," त्या ताडपत्रीकडे बघत म्हणाल्या.

"सांभाळा," मी म्हणालो.

"सांभाळीन ना जी."

एवढं समजून घेणारा श्रोतृवर्ग मला पुन्हा मिळायचा नाही, अशा समाधानात मी घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर चुन्याच्या वर्तुळापर्यंत लाल गालिचा अंथरलेला. व्यवस्थेवर नेमलेले अधिकारी त्याच्या सुरकुत्या काढत होते. मी म्हटलं, हा उचला. सुटं कापड वाऱ्यानं उडून पात्यांत गेलं तर उद्घाटन राहील बाजूला.

"मेहमान क्या मिट्टी में पैर रखेंगे?"

"रख लेंगे सर. वोट के टाइम तो रखे थे."

ते माझ्याशी पुढे दिवसभर बोलले नाहीत, पण गालिचा गुंडाळला गेला. सहा माणसं लागली. तेवढ्यात फोन आला, हेलिकॉप्टर निघालं. म्हणजे दहा मिनिटं. शेवटची नजर फिरवावी म्हणून मी बांधाकडे वळलो.

ताडपत्री बाजूला पडलेली. सगळं चिन्नोर खळ्यावर पातळ पसरलेलं. मावशी आणि त्यांच्या दोघी सुना तोंडाला पदर बांधून, हातात सुपं घेऊन, आभाळाकडे बघत उभ्या.

"मावशी, हे काय?"

"तुमचा वारा येऊन राह्यला ना! चार दिस वाट पाह्यली."

"अहो, तो वारा उपणायचा नाही! तो वरून खाली आपटतो आणि जमिनीवरून चहूकडे पळतो. कोंडाही नेईल, दाणेही नेईल, सूपही जाईल."

"तुमीच त सांगतलं, सुपासारखं हाय म्हून."

दुसऱ्यांच्या दिमाखाला हसणारा मी, आदल्या दिवशी स्वतःच्या ज्ञानाचा केवढा दिमाख मिरवला होता! वारा कुठवर येतो ते सांगितलं. झाका, हा एक शब्द सांगायचा राहिला.

"सुनबाई, ओढा गं!" मावशींना माझा चेहरा वाचता आला असावा. आम्ही फावड्यानं, सुपांनी, हातांनी धान मधोमध ओढायला लागलो. रोलरचा ड्रायव्हर आला, टँकरवाला आला. तरी रास मोठी आणि ताडपत्री अपुरी, एका कडेला फाटलेली. किरनापूरच्या दिशेनं घरघर ऐकू यायला लागली.

"गालिचा आणा!" मी ओरडलो. सहा जण तो खांद्यावर घेऊन पळत आले. ताडपत्रीवर गालिचा पडला. "आता बसा त्याच्यावर. सगळे. कडेकडेनं, वाऱ्याकडे पाठ करून."

मग वारा आला. उरलेलं तणीस, कोंडा, कोणाची तरी टोपी, सगळं डोक्यावरून गेलं. गालिच्याखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं फुगत होतं आणि मावशी दोन्ही हातांनी ते दाबून धरत होत्या. स्वागताच्या रांगेतले पांढरे कपडे कोंड्यानं पिवळे झाले.

पाहुणे उतरले. त्यांना लाल गालिच्यावर हात टेकून, मान खाली घालून बसलेली बायामाणसं दिसली. ते भारावून तसेच बांधापर्यंत आले. पाती अजून फिरत होती.

"बैठिए, बैठिए, उठिए मत," ते हात जोडून म्हणाले.

कोणी उठणारच नव्हतं.

भाषणं सुरू झाली तेव्हा पायलट पाय मोकळे करत खळ्याकडे आला. मावशींनी त्याला पाणी दिलं आणि लगेच विचारलं, "बाबू, थोडा धीरे से चालू कर दोगे क्या? दो मिनट?"

तो हसला. "अम्मा, इतना धीरे ये चलता नहीं."

"और ऊपर में बंद पड़ गया तो?"

पायलटनं सांगितलं, इंजिन बंद पडलं तरी खालून येणाऱ्या हवेनं पाती फिरत राहतात, आणि सावकाश उतरता येतं.

"सरईच्या बीसारखं," मावशी मला म्हणाल्या. त्यांचं माहेर उकव्याकडचं, जंगलातलं. तिथं उन्हाळ्यात सरईचं, म्हणजे साल वृक्षाचं, बी पंखांवर गरगरत खाली येतं. मी पायलटला समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. बहुधा एवढं थोडक्यात त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं.

परत निघताना पाहुण्यांना निरोप द्यायला सगळे मांडवाकडून धावत आले. गालिच्यावर बसायला मात्र कोणाला सांगावं लागलं नाही.

हेलिकॉप्टर दिसेनासं झाल्यावर आम्ही गालिचा उचलला, ताडपत्री उचलली. मावशी राशीभोवती एक फेरी मारून आल्या. फाटक्या कडेकडून सूपभर धान गेलं होतं, ते सुनेनं बांधाजवळ वेचायला घेतलं. बाकी सगळं जागच्या जागी.

दुपार कलली तशी नदीकडून झुळूक सुटली. आधी तणसाचा धूर वाकला, मग मावशींचा पदर हलला. त्यांनी सूप खांद्यावर घेतलं आणि हळूच वाकवलं. दाणे सरळ पायाशी पडू लागले, कोंडा चार हात पलीकडे. खळ्यावर चिन्नोरचा वास पसरला. मी बघत उभा राहिलो. माझं तिथलं काम संपलं होतं, पण जीप पाठवायची कोणाला आठवण नव्हती आणि मलाही घाई नव्हती.

तीन-चार सुपं झाल्यावर मावशी थांबल्या.

"साहेब, जरा बाजूले व्हा ना जी. वारा अडवून राह्यले तुमी."